सफेद्याचा घुंगट

प्रेमकुंवरबाई राखी बांधायला जळगावला गेल्या तेव्हा त्यांच्या आईचा चेहरा गोदामात होता आणि जवळपास गेलेला होता.

चेहरा म्हणजे चित्र. बाईंची आई राजकुंवर वारली तेव्हा बाई जेमतेम चालायला लागल्या होत्या, आणि आता त्यांची ऐंशी उलटली होती. एवढ्या आयुष्यात आई म्हणून त्यांनी जे काही पाहिलं ते त्या हातभर कागदावर. फोटो नव्हता. त्या काळी मारवाड्याच्या सुनेचा फोटो काढणं म्हणजे तिला स्टेशनवर उभं करण्यासारखं समजत. चित्राचं मात्र जमून गेलं, कारण चित्र काढणारा ओळखीचा होता. उखर्डू पेंटर. दुकानांच्या पाट्या, नाटकाचे पडदे आणि बैलगाड्यांवरची कमळं ही त्याची कामं. आजोबांनी त्याला घरातल्या पुरुषांची चित्रं काढायला बोलावलं होतं, आणि रंग उरला म्हणून सुनेचंही काढून घ्यायचं ठरलं.

सून घुंगट घेऊन बसली. उखर्डूने निमूटपणे घुंगट रंगवायला घेतला. संध्याकाळी आजीच्या लक्षात आलं, की नुसता घुंगटच काढायचा तर त्याला सून कशाला बसवायला हवी, खुंटीवरची ओढणीही चालली असती. मग आजीने दुसऱ्या दिवशी उखर्डूला भिंतीकडे तोंड करून बसवलं, त्याच्यासमोर आरसा धरला आणि सुनेचा पदर वर केला. आरशातून बघितलेलं बघितल्यात धरत नाहीत, असं आजीचं मत होतं.

चित्र झालं. आजोबांनी पाहिलं, चांगलं म्हणाले, आणि लगेच घाबरले. हे बैठकीत टांगलं तर येणाराजाणारा आडत्या सुनेचं तोंड बघणार. उखर्डूला परत बोलावणं गेलं. त्याने डिंकाच्या पाण्यात सफेदा कालवला आणि कपाळापासून हनुवटीपर्यंत एक पुसट हात फिरवला. इतका पुसट, की लांबून मर्यादा दिसावी आणि जवळून चेहरा. दोन्ही बाजूंना खूश ठेवणारा असा माणूस खरं तर राजकारणात जायचा; उखर्डू पाट्याच रंगवत राहिला.

हे सगळं प्रेमकुंवरबाईंना सांगितलं ते त्यांच्या सावत्र आईने, गेंदाबाईंनी. राजकुंवरच्या मागे वर्षभरात गेंदाबाई त्या घरात आल्या, आणि रिवाजाप्रमाणे पहिलीच्या नावाचा चांदीचा टाक त्यांच्या गळ्यात पडला. सवत, म्हणजे त्यांच्या भाषेत 'मोठी बाई', नाराज होऊ नये म्हणून प्रत्येक सणाला, प्रत्येक मुहूर्ताला त्या आधी चित्रासमोर उभ्या राहायच्या, कपाळाला कुंकू लावायच्या आणि लापसीचा पहिला घास, तूप गळणारा, चित्राच्या ओठांना टेकवायच्या. मग बाकीचे जेवायचे. चित्राला तेव्हा काच नव्हती. त्यामुळे राजकुंवरच्या तोंडाभोवती तुपाचा एक पिवळट डाग कायमचा बसला होता. जिला जिवंतपणी सगळ्यांच्या शेवटी जेवायला मिळालं, तिचं तोंड मेल्यावर असं खरकटं राहिलं. गेंदाबाईंनी हे सगळं मनापासून केलं, आणि प्रेमकुंवरलाही मनापासूनच वाढवलं. त्यांच्याबद्दल तक्रार करायला बाईंना कधी काही सापडलं नाही, आणि हीच एक तक्रार होती.

लग्न होऊन बाई धुळ्याला गेल्या. माहेरी वर्षातून दोनदा येणं व्हायचं, राखीला आणि भाऊबीजेला. सगळ्यांची जेवणं झाली, पुरुष आडवे झाले, की बाई चित्राजवळ जायच्या. नाक काचेला लागेल इतक्या जवळ. (काच नंतर चंपालालने बसवली.) मग सफेद्याच्या मागून हळूहळू एक बाई दिसायला लागायची. बाईंना तेवढी ओळख पुरायची. सुरुवातीला ती बाई त्यांच्याहून मोठी होती, मग त्यांच्याएवढी झाली, मग लेकीच्या वयाची, मग नातीच्या.

आणि या राखीला ती दिसेना.

घुंगट काळा पडत चालला होता हे बाईंना माहीत होतं. आधी तो राखाडी झाला होता, मग पाटीसारखा. यंदा तो तव्यासारखा होता. कडेची वेलबुट्टी तशीच, लाल ओढणी तशीच, हातातला चुडा तसाच, आणि मधोमध काळा गोळा.

"चंपा," बाई म्हणाल्या, "हिला तू इथे का ठेवलंयस?"

चंपालाल हा गेंदाबाईंचा मुलगा, म्हणजे बाईंचा सावत्र भाऊ. सत्तरीचा, शेतीच्या औषधांचा आणि खतांचा मोठा व्यापारी. खाली दुकान आणि गोदाम, वर घर. घरात मारवाडी, दुकानात मराठी आणि गिऱ्हाइकाशी अहिराणी, अशा तीन भाषांत तो एकच भाव सांगायचा.

"वर कुठे ठेवू बाईसा? वर पीओपी केलंय सगळीकडे. खिळा ठोकला की खपली पडते. मनन भिंतीला हात लावू देत नाही." मनन त्याचा मुलगा.

"मग मला देऊन टाक."

"तुला कशी देऊ? मां काय सांगून गेली? मोठी बाई घराबाहेर गेली की बरकत गेली."

"ती गोदामात आहे."

"गोदाम घरातच धरतात."

चित्राखाली गोण्यांची थप्पी होती. रावेरच्या केळीवाल्यांसाठी मागवलेलं गंधक. चंपालालने त्यातली एक गोणी पायाने आत सरकवली आणि आवाज खाली आणला. "नाराज झालीय ती, दुसरं काही नाही. गेल्या साली लापसीत तूप कमी पडलं होतं. मी तेव्हाच बोललो होतो."

नाराज व्हायला राजकुंवरकडे कारणं पुष्कळ होती. पण सासरा, आरसा आणि मरण हे सगळं सोडून ती तुपावर रुसेल असं बाईंना वाटेना.

धुळ्यात बाईंच्या मुलाचं, नेमीचंदचं, घराखालीच कापडाचं दुकान होतं. तिथे मेघा नावाची एक मुलगी वरचेवर यायची आणि मांजरपाट घेऊन जायची. मूळची पिंपळनेरकडची. एवढ्या मांजरपाटाचं काय करतेस, असं बाईंनी एकदा विचारलं तेव्हा ती म्हणाली होती, पोथ्या गुंडाळते. शहरातल्या एका संस्थेत जुने कागद, नकाशे, चित्रं दुरुस्त करायचं तिचं काम होतं. पगार वेळेवर होत नव्हता, कागद मात्र वेळेवर कुजत होते. बाईंनी तिला काळ्या घुंगटाची हकीकत सांगितली. मेघाने मध्येच विचारलं, "आजी, खाली कसलं दुकान आहे?" उत्तर ऐकून ती म्हणाली, "रविवारी जाऊ या."

रविवारी गोदामात मेघाने चित्र खाली उतरवलं, काच काढली, बॅटरी आडवी धरून भिंगातून बराच वेळ पाहिलं. चंपालाल, मनन आणि मननची बायको पलक तिच्या मागे रांगेने उभे होते.

"घरात चांदी लवकर काळी पडते का?" मेघाने विचारलं.

"म्हणजे काय!" पलक म्हणाली. "पैंजण म्हणू नका, देवाची भांडी म्हणू नका. आम्ही दोनदा सराफ बदलला."

"सराफाची चूक नव्हती. गंधकाची हवा आहे ही. चांदी काळी करते, आणि सफेदाही. सफेदा म्हणजे शिसं. गंधक लागलं की काळं होतं."

चंपालालने घसा साफ केला. "म्हणजे मोठी बाई नाराज नाहीये?"

"नाही काका. गंधक आहे."

चंपालालचा चेहरा उतरला. नाराजीवर इलाज होता, जास्त तूप घालता आलं असतं. गंधकाचं काय करणार? हंगाम तोंडावर होता.

बाई इतका वेळ एका गोणीवर बसून होत्या. "बेटा, घुंगट काढता येतो का तो?"

मेघा त्यांच्याशेजारी टेकली. "नाही आजी. घुंगट डिंकाच्या पाण्यातला, आणि खालचा चेहराही डिंकाच्याच पाण्यातला. एक काढायला गेलं तर दोन्ही येतील. पण काळ्याचं पुन्हा पांढरं करता येतं. मग पूर्वी जेवढी दिसत होती तेवढी दिसेल."

"तेवढीच?"

"तेवढीच."

"मला तेवढीच माहीत आहे," बाई म्हणाल्या.

औषधाचं नाव हायड्रोजन पेरॉक्साइड, हेही मेघाने सांगितलं. शिकलेल्या माणसाला औषधाचं नाव सांगितल्याशिवाय राहवत नाही.

"अय्या, ते तर आमच्या ब्लीचमध्ये असतं," पलक म्हणाली. ती घराच्या पुढच्या खोलीत ब्यूटी पार्लर चालवायची.

"असतं. पण इथे त्याची फक्त हवा द्यायची असते, बंद पेटीत, हळूहळू. ओलं काही लावायचं नाही. पाण्याचा थेंबसुद्धा नाही." मेघाने सगळ्यांकडे पाहिलं. सगळ्यांनी माना हलवल्या. डॉक्टरने पथ्य सांगितल्यावर हलतात तशा.

मेघा चित्र तेव्हाच धुळ्याला न्यायला तयार होती. चंपालाल आडवा आला. चातुर्मास चालू होता. आपले जैन महाराजसाहेबसुद्धा या दिवसांत गाव सोडत नाहीत, मग मोठ्या बाईंनी कसं सोडायचं? कार्तिकी पौर्णिमेनंतर न्या, हवी तेवढी दुरुस्त करा आणि आणून द्या. बाईंनी हुज्जत घातली, रागावल्या, एकदा डोळ्यांना पदरही लावून पाहिला. चंपालाल हलला नाही. शेवटी मेघा म्हणाली, "बरं, पण निदान या गोदामातून आजच बाहेर काढा."

मग खिळ्याचा शोध सुरू झाला. वर पीओपी. जिन्यात ओल. स्वयंपाकघरात वाफ. आख्ख्या घरात साधी भिंत आणि पक्का खिळा असलेली एकच खोली निघाली, ती पलकच्या पार्लरची. तिथे एका हसऱ्या मॉडेलचं कॅलेंडर होतं ते काढलं आणि राजकुंवरला लावलं. सगळ्यांना हायसं वाटलं. मेघालासुद्धा. ही एक गोष्ट तिने पुढे कधी स्वतःला माफ केली नाही, पण ते नंतरचं.

धुळ्याला परतल्यावर प्रेमकुंवरबाई बदलल्या. मेघाने तिच्या संस्थेत एका कागदाच्या तुकड्यावर कमळ काढलं, त्यावर सफेद्याचा हात दिला आणि बरणीत गंधकाच्या वासाला ठेवून तो काळा केला. मग दुसऱ्या पेटीत ठेवून औषधाची हवा दिली. बाई रिक्षा करून रोज बघायला जायच्या. संस्थेचे सचिव आधी त्यांना देणगीदार समजले, नंतर समजेनासे झाले. एके दिवशी मेघाने पेटी उघडली, आणि काळ्याचा पांढरा झाला होता, आणि पांढऱ्याखालून कमळाची एकेक पाकळी वर येत होती. बाईंनी तो तुकडा मागून घेतला आणि पर्समध्ये रेल्वेच्या जुन्या तिकिटाशेजारी ठेवला.

त्याच आठवड्यात त्यांनी नेमीचंदला सांगितलं, "माझ्या उजव्या डोळ्याचं करून टाक."

नेमीचंद उडालाच. मोतीबिंदूचं ते ऑपरेशन बाई कितीतरी दिवस टाळत होत्या. आता बघायचं काय राहिलंय, एका डोळ्याला दिसतं तेच पुष्कळ आहे, असं त्यांचं म्हणणं असायचं.

"आता कसं काय?"

"पौर्णिमेनंतर लागणार आहे," बाई म्हणाल्या.

ऑपरेशन झालं. हिरवी पट्टी, काळा चष्मा, थेंब, सगळं शिस्तीत. पट्टी सुटल्यावर बाईंना घरातली धूळ दिसली, सुनेच्या चेहऱ्यावरचा कंटाळा दिसला. आपल्या पलंगासमोरच्या भिंतीवर, आडवं पडून दिसेल इतक्या उंचीवर, त्यांनी खिळा ठोकून घेतला. चंपालालने चित्र परत मागितलं तर काय करायचं, याचा विचार त्यांनी करून ठेवला होता. द्यायचं नाही.

दिवाळी चार दिवसांवर आली असताना पलकचा व्हिडिओ कॉल आला. आत्याला त्या घरात भुवासा म्हणत.

"भुवासा! सरप्राइज!"

फोन सुनेने धरला होता. पडद्यावर आधी पलकचं कपाळ आलं, मग छत, मग ते चित्र. घुंगट पांढरा होता. नुसता पांढरा नाही, झळझळीत.

"बघा! एका दिवसात! ती मॅडम पौर्णिमेची वाट बघत बसली होती."

"जवळ धर," बाई म्हणाल्या.

पलकने जवळ धरलं.

"अजून जवळ."

"अजून जवळ धरलं तर ब्लर होतं भुवासा."

बाईंनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. फोन सुनेच्या हातून घेऊन नाकाला टेकवला. मग त्या म्हणाल्या, "नेमीचंदला सांग गाडी काढ."

पारोळा गेलं, एरंडोल गेलं. नेमीचंदने मध्ये एकदा चहाचं विचारलं, बाईंनी हातानेच पुढे चल म्हटलं.

पार्लरमध्ये सगळं घर जमलं होतं. चित्र ड्रेसिंग टेबलावर, भोवती दिव्यांची चौकट, गिऱ्हाइकाच्या तोंडावर पडतो तो सगळा उजेड राजकुंवरवर पडलेला. लाल ओढणी जागच्या जागी. चुडा जागच्या जागी. तुपाचा डागसुद्धा जरा फिका झालेला. आणि मध्ये चुना दिलेल्या भिंतीसारखा, स्वच्छ, भरगच्च पांढरा घुंगट. त्याच्यामागे कोणी नव्हतं.

पलक रडत होती. तिला कोणी काही बोललं नव्हतं, पण बाई ज्या तऱ्हेने चित्राजवळ वाकल्या ते तिने पाहिलं होतं.

"भुवासा, मी पॅच टेस्ट घेतली होती," ती म्हणाली. "आधी कानामागे लावून बघितलं. आम्ही सगळ्यांनाच करतो तशी. कानामागे छान पांढरं झालं. मग पूर्ण चेहऱ्याला लावलं. पंधरा मिनिटंच ठेवलं. सेन्सिटिव्हवालं ब्लीच घेतलं होतं, मोत्याचं."

"मग?"

"मग पुसलं. कापसाने."

"ओल्या?"

पलकने मान खाली घातली. "कोरड्याने स्किन ओढली जाते."

कानामागे चेहरा नसतो. तिथे सफेद्याखाली राजकुंवरची नुसती ओढणी होती, म्हणून टेस्ट पास झाली. बाकीच्या ठिकाणी सफेदा ओला होऊन सगळीकडे सारखा पसरून बसला, आणि त्याच्याखाली जे डिंकाच्या पाण्यातून आलं होतं ते कापसाच्या पाण्यातून गेलं.

"पण तुला सुचलं कुठून हे?" नेमीचंदने विचारलं.

पलकऐवजी मननने उत्तर दिलं. "गिऱ्हाइकं बोलायला लागली होती. गोरं व्हायला खुर्चीत बसायचं आणि समोर ही काळी बाई. एक नवरी तर अर्ध्या फेशियलमध्ये उठून गेली." मग त्याला वाटलं हे बरोबर झालं नाही. "आणि भुवासाला दिवाळीची भेट म्हणून. मुख्य ते."

दोन्ही कारणं खरी होती. घरातली चांगली कामं बहुतेक अशीच होतात.

"तो कापूस कुठे आहे?" बाईंनी विचारलं.

सगळे एकमेकांकडे बघायला लागले.

"कापूस?" पलक म्हणाली.

"पुसलेला."

"तो सकाळी घंटागाडीत गेला, भुवासा."

बाईंनी मान हलवली. जणू गाडी वेळेवर येते हे ऐकून बरं वाटलं.

मग मननला मोबाइलमधले फोटो आठवले. दरवर्षी दिवाळीला तो चित्राचा फोटो काढून नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकायचा, खाली हात जोडलेले. त्याने भराभर मागे सरकवत शोधले. होते, प्रत्येक वर्षाचे होते. प्रत्येकात चेहऱ्याच्या जागी काचेत पडलेला फ्लॅशचा गोळा होता, आणि गोळ्यामागे मोबाइल धरलेला मनन.

"हा बघ, यात थोडा कान दिसतोय," तो म्हणाला.

चंपालाल कोपऱ्यातल्या गिऱ्हाइकाच्या बाकावर बसून होता. त्याने आधी चित्राकडे पाहिलं, मग बहिणीकडे. "निदान पांढरा तर झाला," तो म्हणाला. मग त्याने आणखी एक वाक्य टाकलं. "बाईसा, तू घेऊन जा आता. घरी ठेव."

"चातुर्मास आहे."

"तो माणसांसाठी," चंपालाल म्हणाला आणि रुमालाने चष्मा पुसायला लागला.

निघताना पलकने बाईंचे पाय धरले. "मी चांगल्यासाठीच केलं."

"ठाऊक आहे मला," बाई म्हणाल्या. "हात हलका आहे तुझा." आणि त्यांना खरंच तसं वाटत होतं. कागद कुठे फाटला नव्हता.

मेघाने चित्र पाहिलं तेव्हा ती खुर्चीत बसली. मग तिने तिचं जे काम होतं ते केलं. कागदातला आंबटपणा काढला, कडा सांधल्या, बुरशीचे तपकिरी ठिपके जेवढे निघाले तेवढे काढले, मागे चांगला कागद लावला. देताना म्हणाली, "आजी, आता याला काही होणार नाही. गंधकापासून लांब ठेवलं तर शंभर वर्षं टिकेल."

"काय टिकेल?" बाईंनी विचारलं.

मेघा चित्र मांजरपाटात गुंडाळू लागली.

पलंगासमोरच्या खिळ्यावर चित्र लागलं. बाई आडव्या पडून, दोन्ही धडधाकट डोळ्यांनी, पांढऱ्याकडे बघत राहायच्या. जेवण कमी झालं. सुनेने नेमीचंदला सांगितलं, नेमीचंदने डॉक्टरला, डॉक्टरने टॉनिक लिहून दिलं. मग नेमीचंदलाच एक कल्पना सुचली. त्याला शाळेत चित्रकला शिकवणारे झुलाल सर अजून होते, मालेगाव रोडला राहायचे, हात अजून चालत होता. चेहरा कागदावरून गेला म्हणून काय झालं, आईच्या डोक्यात तर आहे. वर्षानुवर्षं नाक लावून बघितलेला. ती सांगेल, सर काढतील.

बाई आधी नको म्हणाल्या. मग रात्रभर त्यांना झोप लागली नाही, आणि सकाळी त्यांनी विचारलं, "सर कधी येतात?"

झुलाल सर आले ते फळी, कागद आणि टोक केलेल्या पेन्सिली घेऊन. नव्वदीला टेकलेला माणूस, पण पेन्सिल धरली की बोटं थरथरायची थांबायची.

"अक्का, तू फक्त सांगत जा," ते म्हणाले. "बठ्ठं मी काढस. घाई नको. चेहरा कसा व्हता? लांब का गोल?"

बाईंनी डोळे मिटले. "लांबट. हनुवटीपाशी जरा निमुळता."

पेन्सिल फिरली.

"कपाळ?"

"मोठं. केस मागे ओढून घेतलेले. भांगाजवळ विरळ."

सर थबकले. ज्या वयात राजकुंवर गेली त्या वयात भांग विरळ नसतो. पण सांगणारी ती लेक होती. त्यांनी विरळ केला.

"डोळे?"

"बारीक. हसली की मिटायचे. डाव्या भुवईत एक खाच होती." बाईंचा आवाज आता सुटला होता. इतक्या दिवसांत त्या एवढं बोलल्या नव्हत्या. "नाक सरळ, शेंड्याला थोडं बसकं. वरचा ओठ पातळ. एक दात पुढे, त्यामुळे तोंड पूर्ण मिटायचं नाही. बोलायला लागली की आधी ओठ ओले करायची."

नेमीचंद दारात उभा होता. चित्रातली बाई ओठ ओले कशी करेल, हा प्रश्न त्याला पडला, पण आईच्या चेहऱ्यावर इतक्या दिवसांनी रंग आलेला बघून तो गप्प बसला. मग तो सरांच्या मागे जाऊन उभा राहिला, आणि फळीवर जे उमटत होतं ते बघून त्याच्या तोंडून निघून गेलं:

"आई, ही तर नानीसा आहे."

पेन्सिल थांबली. बाईंनी डोळे उघडले.

"गेंदानानी," नेमीचंद म्हणाला. "ती भुवईतली खाच... पाट लागला होता ना तिला. तूच सांगितलं होतंस."

सरांनी एकदा मायकडे, एकदा लेकाकडे पाहिलं. "पुसू का? परत सांग अक्का, परत काढू. कागद भरपूर शे."

बाईंनी पुन्हा डोळे मिटले. खाली दुकानात कोणीतरी थान उलगडल्याचा आवाज आला. ओठ हलले, एकदा वाटलं आता सांगतील. "रंग..." त्या म्हणाल्या, आणि पुढे काही आलं नाही. सर पेन्सिल उचलून थांबले होते.

मग त्यांनी हात पुढे करून फळी मागितली. कागदावर गेंदाबाई होत्या, उतारवयातल्या, हसायच्या बेतात. सरांचा हात खरंच अजून चालत होता.

"जमलं का काही?" सरांनी विचारलं.

"जमलं," प्रेमकुंवरबाई म्हणाल्या. "माणूस ओळखू येतो." आणि सुनेला हाक मारून त्यांनी सरांसाठी चहा टाकायला सांगितलं.